बंदुकीचे पेंच एकाच मापानें आवळण्याचें घरगुती साधन

मोजणीच्या कागदांत ज्यांचा जन्म गेला त्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साखळी तीच, जमीन तीच, परंतु साखळी ओढणारे हात बदलले कीं क्षेत्र बदलतें. आपल्या इलाख्यांत पूर्वीं मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असे. तिचे सोळा आणे पाडलेले असत आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असें सोपें गणित होतें. पण तीच साखळी एकानें ढिली धरावी व दुसऱ्यानें ताणून धरावी, म्हणजे बांधावर भांडण उभें राहिलेंच. अशा भांडणाचे अर्ज मीं तालुक्याच्या कचेरींत पुष्कळ वाचले. मूळ बहुधा एकच असे. लांबीस माप होतें, ताणास माप नव्हतें.

प्रस्तुत लेखाचा विषय जमिनीची मोजणी हा नसून पीकसंरक्षणाच्या बंदुकीचे पेंच हा आहे. तथापि दोहोंचें मर्म एकच आहे. पेंच आवळतांना आपण “घट्ट झाला” असें म्हणतों, परंतु किती घट्ट झाला हें कोणीच मोजत नाहीं. ज्या बागायतदार बंधूंकडे परवान्याची रायफल अथवा बंदूक आहे, त्यांस हें माप थोडक्या खर्चांत घरच्या घरीं कसें घेतां येईल, तें पुढें सांगितलें आहे.

माझा अनुभव

आमची शेती सह्याद्रीच्या पूर्व उतरणीवर आहे. ऊस व भुईमूग हीं मुख्य पिकें, आणि रान जवळ असल्यामुळें रानडुकरांचा उपद्रव नित्याचा. वडिलांच्या पश्चात् परवाना माझ्या नांवें होऊन कलकत्त्याजवळील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत तयार झालेली .३१५ बोअरची रायफल मजकडे आली. २०१९ सालच्या जानेवारींत मी रजेवर घरीं आलों होतों. वन खात्याची रीतसर लेखी परवानगी हातीं होती. तिसऱ्या प्रहरीं उसाच्या बांधावर बसलों असतां साठ पावलांवर डुक्कर स्वच्छ दिसलें. नेम खांद्याचा धरला होता. गोळी लागली मागच्या मांडीस. जखमी डुक्कर वळून त्याच उसांत शिरलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ऊसतोडीची टोळी आली. जखमी जनावर आंत दबा धरून आहे हें कळतांच मुकादमानें कोयते खालीं ठेवविले, आणि त्याचें करणें सर्वथा योग्य होतें. तीन दिवस टोळी बसून राहिली. तिची खोटी मजुरी मीं भरून दिली. चौथ्या दिवशीं वनरक्षकाच्या समक्ष तें डुक्कर ओढ्यांत मेलेलें आढळलें. पैसे गेले त्याचें दुःख लौकर विसरलों. परंतु त्या मुक्या जीवाचे तीन दिवसांचे हाल माझ्या हातून झाले, आणि पोरांबाळांसह आलेल्या एखाद्या तोडणीवाल्यास त्यानें फाडलें असतें तर काय, ही टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

माझा नेम फारसा चुकत नाहीं असा माझा समज होता, सबब रायफल तपासली. दस्त्याचा पुढचा पेंच पेंचकस लावतांच नुसत्या दोन बोटांच्या जोरानें पाव फेरा फिरला. गत वर्षाची आठवण केली, तेव्हां उलगडा झाला. आषाढांत मीं तो पेंच आवळला होता. खंडेनवमीस शस्त्रपूजनासाठीं रायफल काढली, तेव्हां माझ्यासमोर मुलानें पुसतां पुसतां त्यास आणखी एक रट्टा दिला होता. पुढें कोणीं पाहिलेंच नाहीं. दोन हात, दोन ऋतु, आणि माप एकही नाहीं.

पेंच कमीजास्त झाल्यास काय होतें

रायफलीची नळी व तिचें लोखंडी अंग हीं दोन वा तीन पेंचांनीं लांकडी दस्त्यास बांधलेलीं असतात. गोळी सुटतांच हें सर्व अंग धक्क्यानें मागें येतें. प्रत्येक वेळीं तें लांकडांतील आपल्या घरांत त्याच जागीं, त्याच दाबानें बसलें, तर गोळी त्याच ठिकाणीं जाते. पेंच सैल असल्यास अंग किंचित् सरकतें. एक पेंच फार घट्ट व दुसरा सैल असल्यास अंगावर वांकविणारा ताण पडतो व नळीची बैठक बदलते. हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण साठ पावलांवर त्यामुळें गोळी नेमापासून ढळूं शकते. शिवाय सैल दस्त्यास दर बारास हातोड्याप्रमाणें ठोका बसतो, आणि कांहीं काळानें तो मनगटाशीं चिरतो. बारा बोअरच्या पुष्कळ एकनळी बंदुकींत दस्त्याच्या पोटांतून लांब पेंच गेलेला असतो. तो ढिला झाल्यास हाच परिणाम होतो.

लांकडाचा स्वभाव येथें ध्यानांत घेतला पाहिजे. पावसाळ्यांत तें हवेंतील ओल घेऊन आडवें फुगतें. उभ्या रेषेंत मात्र फारसें वाढत नाहीं. फुगलेलें लांकूड आवळलेल्या पेंचाखालीं चेपलें जातें, आणि पुढें हेमंतांत वाळल्यावर तें आंखडतें. चेपलेले धागे पुनः वर येत नाहींत. म्हणून आषाढांत घट्ट असलेला पेंच पौषांत सैल सांपडतो. बैलगाडीच्या चाकाचे आरे उन्हाळ्यांत खुळखुळतात, तें याच कारणानें.

उलटपक्षीं, सैल होतो म्हणून मन मानेल तितका आवळावा, तर लांकूड आणखी चेपतें, पेंचाची खांच फाटते आणि कधीं आंटेच जातात. दुर्बीण बसविलेली असल्यास तिच्या कड्यांचे पेंच फार आवळल्यानें दुर्बिणीची नळी दबते. सारांश, कमी नको व जास्तही नको. आणि आज जितका दिला तितकाच पुढच्या खेपेस देतां आला पाहिजे.

पीळ मोजतां येतो

पेंच फिरविण्याचा जो जोर त्यास आपण पीळ म्हणूं. तो मोजण्यास दोनच गोष्टी लागतात: दांडा किती लांब आणि त्याच्या टोंकाशीं ओढ किती. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला कीं थोड्या जोरांत काम होतें, हें आपण जाणतोंच. दांडा २० सेंटिमीटर आणि ओढ २ किलो असल्यास पीळ ४० किलो-सेंटिमीटर झाला. तोच पीळ १० सेंटिमीटरच्या दांड्यावर हवा असल्यास ओढ ४ किलो लागेल. एवढेंच गणित.

पीळ मोजणारे पान्हे ही युक्ति फार जुनी नाहीं. १९१८ सालीं न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यांत काम करणाऱ्या कॉनराड बार यानें जमिनीखालील नळांचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊं नयेत म्हणून असा पान्हा योजिला, असें सांगतात. आज असे तयार पेंचकस बाजारांत मिळतात, पण चांगल्यास कांहीं हजार रुपये पडतात. वर्षांतून चार वेळां लागणाऱ्या वस्तूस इतका खर्च करणें बहुतेकांस परवडणार नाहीं. वरील गणित मात्र फुकट आहे, आणि त्यावरूनच पुढील साधन केलें आहे.

साधन कसें करावें

साहित्य येणेंप्रमाणें: एक जाड दांडीचा पोलादी पेंचकस, १२ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड व २५ सेंटिमीटर लांब अशी लोखंडी पट्टी, आणि ५ किलोपर्यंतचा आंकडेदार ताणकांटा. प्रवाशांच्या बॅगा तोलण्याचा आंकडे दाखविणारा लहान कांटाही चालतो. मजकडे पेंचकस व पट्टी अडगळींत होती. कांटा सुमारें तीनशें रुपयांस पडला आणि वेल्डिंगवाल्यास चाळीस रुपये दिले.

पेंचकसाचें पान आधीं पेंचाच्या खांचेंत लावून पाहावें. तें खांच भरून बसलें पाहिजे. लांबीस पुरें व जाडीस पुरें. बाजारी पेंचकसाचें पान टोंकाकडे निमुळतें असतें, त्यामुळें जोर लावतांच तें वर उसळतें व खांच खराब करतें. म्हणून दोन्ही बाजू कानसीनें घासून समांतर कराव्या. पेंचास षट्‌कोनी खळगा असल्यास त्या मापाची षट्‌कोनी किल्ली कापून तिचा तुकडा पेंचकसाच्या दांडीस जोडावा.

पट्टी पेंचकसाच्या दांडीस काटकोनांत, आणि होईल तितकी पानाच्या जवळ, वेल्डिंगनें जोडून घ्यावी. पट्टी उंच जोडल्यास ओढतांना पेंचकस कलतो. नंतर दांडीच्या मध्यापासून अचूक १० व २० सेंटिमीटरवर दोन भोंकें पाडावीं. माप दांडीच्या कडेपासून घेऊं नये. दांडी ६ मिलिमीटर जाड असल्यास कडेपासून मोजल्यानें ३ मिलिमीटरची चूक होते, व जवळच्या भोंकावर ती शेंकडा तीन भरते. भोंकांत तारेची लहान कडी घालावी, म्हणजे कांट्याचा आंकडा तींत अडकवितां येईल.

येथें एक सूचना आग्रहानें करतों. वेल्डिंगवाल्याकडे फक्त पेंचकस व पट्टी न्यावी. बंदूक घराबाहेर काढूं नये, आणि “एवढा पेंच आवळून दे” म्हणून ती कोणाच्या स्वाधीन तर मुळींच करूं नये.

कांट्याची परीक्षा

स्वस्त कांट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. एक लिटर पाणी एक किलो भरतें, आणि दुधाचें लिटरचें माप बहुतेक घरीं असतें. पातळ प्लास्टिकच्या पिशवींत एक, दोन, तीन लिटर पाणी क्रमानें घालून कांट्यास टांगावें व तो काय दाखवितो तें लिहून ठेवावें. माझा स्प्रिंगचा जुना कांटा दोन लिटरांस दोन किलो शंभर दाखवी. तो मीं टाकून दिला नाहीं. दोन किलो हवे तेथें दोन किलो शंभरवर थांबावें, अशी चिठ्ठी त्यास बांधली.

दुसरी गोष्ट, स्प्रिंगचा कांटा टांगून पाहण्यासाठीं केलेला असतो. आपण तो आडवा ओढणार. आडवा धरल्यावर आंकड्याचें वजन स्प्रिंगवर येत नाहीं व कांटा शून्याच्या किंचित् मागें जातो. म्हणून शून्य आडव्या स्थितींतच जुळवून घ्यावें.

वापरण्याची रीत

सर्वांत आधीं रायफल रिकामी करावी. बोल्ट काढून घर डोळ्यांनीं व बोटानें तपासावें. काडतुसें त्या खोलींत असूंच नयेत. हें शंभरदां केलें असलें तरी एकशेंएकाव्या वेळींही करावें.

रायफल पोट वर करून सुताराच्या बाकावरील वाइसमध्यें कातडें अथवा घोंगडीचा तुकडा घालून हलकेच धरावी. पेंच सरळ वर तोंड करून असावा, म्हणजे आपली पट्टी जमिनीस समांतर फिरेल व तिचें स्वतःचें वजन हिशेबांत येणार नाहीं.

पेंच काढून त्याचे व भोंकाचे आंटे स्वच्छ पुसावे. यानंतर आंट्यांस तेलाचा एक थेंब द्यावा, किंवा मुळींच देऊं नये; परंतु जें कराल तें दर वेळीं तेंच करा. याचें कारण महत्त्वाचें आहे. आपण दिलेल्या पिळापैकीं सुमारें दहावा हिस्साच पेंच ताणण्याच्या कामीं येतो. बाकीचा आंट्यांतील व डोक्याखालील घर्षणांत खर्च होतो. घर्षण तेलानें कमी झालें कीं तोच पीळ पेंचास पुष्कळ अधिक घट्ट करतो. कोरड्या पेंचाचें माप तेलकट पेंचास लावणें म्हणजे खरीपाची आणेवारी रब्बीस लावणें होय.

आतां पुढचा पेंच बोटांनीं टेंकेपर्यंत फिरवावा, मग मागचा. नंतर साधन लावून डाव्या हाताच्या तळव्यानें पेंचकसाचें डोकें सरळ खालीं दाबावें. दाबावें एवढेंच, मुठींत धरून वळवूं नये, नाहींतर डाव्या हाताचा पीळ बिनमोजणीचा मिळतो. उजव्या हातानें कांटा पट्टीशीं काटकोनांत ठेवून हळूहळू ओढावा. पट्टी फिरेल तसें आपणही फिरावें. ओढ काटकोनापासून दहा अंशांनीं ढळली तर तोटा शेंकडा दीडाच्या आसपास होतो, तो सोडून देण्यासारखा आहे. तीस अंशांनीं ढळली तर मात्र शेंकडा तेरा पीळ कमी पडतो.

पहिल्या फेरींत दोन्ही पेंच ठरलेल्या मापाच्या निम्म्यापर्यंत न्यावे. दुसऱ्या फेरींत आधीं पुढचा व मग मागचा पूर्ण मापास आणावा. कांटा ठरल्या आंकड्यावर येतांच थांबावें. झटका देऊं नये. पेंच मध्येंच थांबला असेल तर त्यास पुनः हलविण्यास अधिक जोर लागतो आणि कांटा खोटें माप दाखवितो. अशा वेळीं तो अर्धा फेरा मागें घेऊन एका संथ ओढींत पुनः आणावा.

किती पीळ द्यावा

कारखान्याची पुस्तिका असल्यास तिच्यांतील आंकडा प्रमाण. परदेशी पुस्तकांत तो इंच-पौंडांत असतो. एक इंच-पौंड म्हणजे सुमारें १.१५ किलो-सेंटिमीटर. पुस्तिका नसल्यास साध्या लांकडी दस्त्यास ३५ ते ४५ किलो-सेंटिमीटर, म्हणजे दूरच्या भोंकावर पावणेदोन ते सव्वादोन किलो, हें साधारण माप धरावें. दस्त्यांत पेंचाभोंवतीं धातूचे खांब बसविलेल्या नव्या तऱ्हेच्या रायफलींस ७५ पर्यंत माप सांगितलेलें आढळतें. तें आपल्या साध्या लांकडास लावूं नये. दुर्बिणीच्या कड्यांस १७ ते २३ पुरे. तेथें जवळचें भोंक व पावणेदोन ते सव्वादोन किलो अशी ओढ घ्यावी. मीं माझ्या रायफलीस ४० किलो-सेंटिमीटर हें माप ठरविलें आहे.

कोणी विचारील कीं, हें चाळीस खरोखर चाळीसच आहे कशावरून? कदाचित् अडतीस असेल, कदाचित् बेचाळीस असेल. त्यानें फारसें बिघडत नाहीं. खेड्यांत पूर्वीं घरोघरच्या पायल्या सरकारी मापाशीं तंतोतंत जुळत नसत. पण ज्या पायलीनें धान्य उसनें दिलें त्याच पायलीनें परत घेतलें म्हणजे कोणावर अन्याय होत नसे. आपल्या साधनाचें तसेंच आहे. त्याच साधनानें, त्याच आंकड्यावर, त्याच रीतीनें आवळावें. रायफल मग आपल्या जागीं बसते आणि एकदां जुळविलेला नेम टिकतो.

ताणकांटा नसल्यास

कांट्यावांचूनही काम होतें. रायफल कुशीवर धरावी, म्हणजे पेंच आडवा येईल. साधन लावून पट्टी जमिनीस समांतर करावी व दूरच्या कडींत पाण्याची बाटली अलगद टांगावी. बाटलीसह वजन दोन किलो असल्यास पीळ चाळीस. मात्र आतां पट्टीचें स्वतःचें वजनही पीळ देतें. वर सांगितलेल्या मापाची पट्टी सुमारें १२० ग्रॅम भरते व तिचा भार मध्यावर, साडेबारा सेंटिमीटरवर, पडतो; म्हणजे दीड किलो-सेंटिमीटर आयतेच मिळाले, ते वजा धरावे. पट्टी खालीं झुकूं लागली कीं पीळ कमी होतो. वीस अंश झुकेपर्यंत शेंकडा सहा, तीस अंशांस शेंकडा तेरा. फार झुकल्यास बाटली काढून पट्टी पुनः समांतर लावावी. ही रीत संथ आहे, पण खर्च केवळ पट्टीचा.

परीक्षेचें फळ

साधन झाल्यावर प्रथम रायफलीस न लावतां सागवानी ठोकळ्यांत एक पेंच बसवून घरीं प्रयोग केला. कांट्याचा आंकडा ओढणारास दिसूं नये असा झांकून ठेविला व प्रत्येकास “नेहमीं आवळतां तितका आवळा” असें सांगितलें. दूरच्या भोंकावर मी १ किलो ७०० ग्रॅमवर थांबलों, सुतार २ किलो ४०० वर आणि मुलगा ३ किलो २०० वर. म्हणजे एकाच घरांत ३४, ४८ व ६४ किलो-सेंटिमीटर अशीं तीन घट्टपणाचीं मापें निघालीं! त्याच दिवशीं जेवणानंतर मीं पुनः ओढून पाहिलें, तों १ किलो ४०० वरच मला “घट्ट” वाटलें. दुसऱ्यांच्या हातांस काय दोष द्यावा. माझाच हात सकाळीं एक व दुपारीं एक बोलत होता.

नंतर जिल्ह्याच्या ठिकाणीं चांदमारीच्या मैदानावर रीतसर परवानगीनें पन्नास मीटरवर पांच पांच गोळ्या झाडून पाहिल्या. पहिल्या पांचांत प्रत्येक बारापूर्वीं दोन्ही पेंच सैल करून हाताच्या अंदाजानें आवळले. त्या गोळ्या वीतभर जागेंत पसरल्या. दुसऱ्या पांचांत तसेंच सैल करून साधनानें ४० वर आवळले. त्या मुठीएवढ्या जागेंत बसल्या. दहा गोळ्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाहीं हें मला मान्य आहे, परंतु माझें समाधान होण्यास तेवढें पुरेसें झालें.

नोंद ठेवावी

जन्मभर नोंदवह्या लिहिल्यामुळें ही खोड मला आहे, पण येथें ती उपयोगी पडली. एका लहान वहींत तारीख, पुढच्या व मागच्या पेंचाचें माप, तेल कीं कोरडें, आणि पेंच मापास येण्यापूर्वीं किती फिरला, एवढें लिहितों. तपासणी वर्षांतून चारदां: पावसाळ्यापूर्वीं, श्रावणांत, खंडेनवमीस आणि पौषांत. फुगलेल्या लांकडावर अधिक जोर देण्याचा मोह श्रावणांत आवरावा; पौषांत मात्र पेंच बहुधा थोडा फिरतोच, तेव्हां मापास आणून ठेवावा. पेंच दर वेळीं पुष्कळ फिरूं लागला तर लांकूड चेपत आहे, असा त्याचा अर्थ. तें काम आपलें नव्हे. परवानाधारक कारागिरास दाखवावें. पेंच मापास आणल्यावर नेमाची खात्री चांदमारीवरच करून घ्यावी, शेतांत जनावरावर नव्हे.

कायद्याची मर्यादा

१९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम यांप्रमाणें शस्त्राच्या दुरुस्तीस वेगळा परवाना लागतो. पुसणें, तेल देणें, असलेला पेंच मापास आणणें ही निगा झाली. आंटे पाडणें, भोंक मोठें करणें, भाग बदलणें ही दुरुस्ती अथवा फेरफार होय, व तो स्वतः करूं नये. रायफल वाइसमध्यें असतांना परवानेदारानें तेथून हलूं नये. तसेंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें उभें पीक खाणाऱ्या रानडुकरासही अधिकृत परवानगीवांचून मारतां येत नाहीं. परवानगी मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असें नव्हे. जनावरास एका गोळींत शांत करणें हा तिचाच भाग आहे, आणि त्यासाठींच हा सारा खटाटोप.

हीच रीत शेतीच्या इतर कामांसही लागू पडते. डिझेल इंजिनाचे हेडाचे नट कमीजास्त आवळल्यानें पॅकिंग जळतें, हें कोणास सांगावयास नको. तेथें अर्धा मीटर लांबीच्या पान्ह्यास दहा किलोची ओढ दिली कीं ५०० किलो-सेंटिमीटर होतात. इंजिनाच्या पुस्तिकेंतील आंकडा पाहून त्याप्रमाणें दांडा व कांटा मोठा घ्यावा.

गतवर्षीं पौषांत वही काढून पेंच तपासले, तेव्हां पुढचा पेंच मापास येईपर्यंत अर्ध्या बोटाच्या रुंदीइतका फिरला. वहींत तशी नोंद केली. पूर्वीं हा एवढासा फरक मला कळलाही नसता, आणि त्याची किंमत पुनः एखाद्या ऊसतोडीच्या टोळीनें व एखाद्या मुक्या जनावरानें दिली असती. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं परवान्याचें शस्त्र आहे त्यांनीं येत्या खंडेनवमीस फुलें वाहण्यापूर्वीं एकदां त्याचे पेंच मोजून पाहावे, एवढीच विनंति आहे.